लेकीला अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायचं होतं, ते कसं जमलं

ऑगस्ट २०२५ मध्ये आमची लेक अमेरिकेत गेली, मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या टेनिस टीममधून खेळते आणि तिथेच शिकते. तेव्हापासून क्लबमधल्या पालकांचे फोन चालू आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, फुल स्कॉलरशिप मिळाली का हो? मी प्रत्येकाला सांगते की हे नंतर बघा, आधी हे बघा की त्या टीममध्ये कुठली जागा रिकामी होतेय आणि तिथे आपलं पोर बसतंय का. पैसे त्याच्या मागून येतात. फोनवर एवढं सगळं नीट सांगता येत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांना जास्त उपयोग होईल.

आम्ही पुण्यातले. लेक लहानपणापासून खेळते, आयटाच्या, म्हणजे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, अंडर १२, १४, १६ सगळ्या पायऱ्या केल्या, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल, म्हणजे ज्यांची मुलं खेळतात त्यांना माहितीये की सुट्ट्या म्हणजे सोलापूर, संभाजीनगर, नागपूर आणि स्टेशनजवळचं हॉटेल. खेळ चांगला होता, पण अठराव्या वर्षी सरळ प्रो सर्किटवर उतरायचं तर वर्षाचा खर्च झेपणारा नव्हता, आणि इथे राहून डिग्री करत खेळायचं तर मॅचेसची ती लेव्हल मिळत नाही. तिच्या सरांनीच पहिल्यांदा कॉलेज टेनिसचं नाव काढलं. ते म्हणाले सोमदेव देववर्मन कुठून आला ते बघा, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळत २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था) सिंगल्स जिंकला आणि मग प्रो झाला. आणि आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम कडून खेळली, तिनेच नंतर सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं. लेकीने ती फायनल टीव्हीवर बघितली आणि मग तिला वेगळं पटवायची गरजच उरली नाही.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत कोच मुलं कशी निवडतात? आपल्याकडचं आयटा रँकिंग त्यांना फारसं कळत नाही. ते बघतात यूटीआर, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग. हा १ ते १६.५ असा आकडा असतो, मुलगा-मुलगी, देश, वय काहीही असो, सगळ्यांना एकच पट्टी. तुम्ही कोणाशी खेळलात आणि किती गेम घेतलेत यावरून तो निघतो, नुसतं जिंकलं-हरलं यावर नाही, आणि गेल्या बारा महिन्यांतल्याच मॅचेस धरतात. म्हणजे आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या मुलीशी ४-६, ५-७ हरलं तरी आकडा वर जाऊ शकतो आणि कच्च्या मुलीशी रडतखडत जिंकलं तर खाली येऊ शकतो. हे कळल्यावर आम्ही टुर्नामेंट निवडायची पद्धतच बदलली, सोप्या ड्रॉमध्ये कप घेण्यापेक्षा अवघड ड्रॉमध्ये दोन राउंड जास्त कामाचे असतात, आणि आयटीएफ ज्युनियर जे३० ला, म्हणजे ज्युनियर मुलांच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला, क्वालिफाईंग खेळायची तयारी ठेवली.

क्लबमधल्या एका सिनियर मुलीने, जी स्वतः तिकडे खेळून आली होती, लेकीला बसवून एक गोष्ट शिकवली आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या एका दुपारमुळे झालं. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाईटवर टीमचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी असते, कोण फ्रेशमन (पहिल्या वर्षाची), कोण सिनियर (शेवटच्या वर्षाची), सगळं लिहिलेलं. आपण ज्या वर्षी जाणार त्याच्या आधी कोण ग्रॅज्युएट होणार ते मोजायचं. मग ती टीम मॅचमध्ये कोणाला कितव्या नंबरवर खेळवते ते निकालात बघायचं, आणि पाचव्या-सहाव्या नंबरच्या मुलींचा यूटीआर शोधायचा. आपला आकडा त्याच्या आसपास असेल तर त्या कोचला आपली गरज आहे. खूप खाली असेल तर मेल लिहिण्यात अर्थ नाही, आणि आपणच पहिल्या नंबरच्या मुलीच्या वर असलो तर तिथे आपला खेळ वाढणार कसा? टीममध्ये बाहेरच्या देशातल्या किती मुली आहेत तेही बघायचं, काही कोच परदेशी मुली घेतच नाहीत आणि काहींची अर्धीअधिक टीम युरोपातली असते.

लेकीने एक्सेल शीट केली. कॉलेजचं नाव, डिव्हिजन, कोच, २०२५ मध्ये जाणाऱ्या मुली, खालच्या दोन नंबरांचा यूटीआर, विषय कुठले आहेत, थंडी किती. हे सगळं तिने स्वतः भरलं, मी हात लावला नाही, कारण सगळीकडून एकच ऐकलं होतं की आईबापांनी लिहिलेला मेल कोचला पहिल्या ओळीत कळतो आणि तो पुढे वाचत नाही.

डिव्हिजनचं थोडक्यात सांगते. एनसीएएच्या तीन डिव्हिजन. एक आणि दोनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप असते, तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येलसारखी जुनी नामांकित कॉलेजं डिव्हिजन एकमध्ये आहेत पण तीही खेळासाठी पैसे देत नाहीत. याशिवाय एनएआयए म्हणून वेगळी संस्था आहे, तिथेही स्कॉलरशिप असतात आणि चांगलं टेनिस चालतं. डिव्हिजन तीन म्हणजे कच्चं असं इथे लोक समजतात, तसं अजिबात नाही, तिथल्या वरच्या टीम बऱ्याच डिव्हिजन एकच्या टीमना पाणी पाजतील.

डिव्हिजन एकचे कोच दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात. त्याआधी तुम्ही मेल केला तरी त्यांना नियमाने नीट उत्तर देता येत नाही, त्यामुळे नववीतल्या मुलाला उत्तर आलं नाही म्हणून खट्टू होऊ नये. लेकीची दहावी मार्च २०२३ ची, आणि जूनपासून मेल सुरू झाले. सब्जेक्टमध्येच नाव, २०२५, इंडिया, यूटीआर, दहावीचे टक्के. खाली चार-पाच ओळी, त्यातली एक तरी त्या टीमबद्दल खरी असली पाहिजे, म्हणजे तुमची अमुक सिनियर डबल्समध्ये नेटवर जशी खेळते तसं मला आवडतं वगैरे, आणि त्यासाठी खरंच मॅच बघितलेली पाहिजे. बहुतेक मॅचेस लाईव्ह स्ट्रीम होतात, तिकडची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, ही बाई चादर डोक्यावर घेऊन मोबाईलवर कुठल्या कुठल्या टीमच्या मॅचेस बघायची आणि सकाळी सहाला परत फिटनेसला.

आणि त्या मॅचेस बघूनच तिला कॉलेज टेनिसचं वेड लागलं. मलाही, खरं सांगायचं तर. आपल्याकडे ज्युनियर टेनिस फार एकटं असतं, मूल कोर्टवर एकटं, आई जाळीबाहेर एकटी, समोरच्यांचे आईवडील नजर देत नाहीत. तिकडे पहिल्यांदा तीन डबल्स एकदम चालू होतात, प्रत्येकी एकच सेट, त्यातल्या दोन जी टीम जिंकेल तिला एक पॉइंट. मग सहा सिंगल्स एका वेळी, प्रत्येकीचा एक पॉइंट, जी टीम आधी चार पॉइंट करेल ती जिंकली. आणि नो-अ‍ॅड, म्हणजे ४०-४० झालं की पुढचा एकच पॉइंट, ड्यूस-अ‍ॅडव्हांटेज नाही. सहाव्या कोर्टवरची मुलगी तिसऱ्या सेटमध्ये असते, स्कोर ३-३, बाकी सगळ्या मुली तिच्या कोर्टभोवती उभ्या आणि प्रत्येक पॉइंटला ओरडतायत. सहावा नंबर! आपल्याकडे सहाव्या नंबरचं नाव तरी कोण लक्षात ठेवतं?

यातून एक कामाची गोष्ट निघाली. आपल्याकडची मुलं डबल्सला दुय्यम धरतात, सिंगल्स हरलं की पार्टनरला सांगून घरी निघून जातात. कोचना डबल्स येणारी मुलगी हवी असते. सरांनी तिचं आठवड्याचं गणितच बदललं, सर्व्ह करून नेटवर यायचं, रिटर्न पायापाशी टाकायचा, आणि प्रॅक्टिस सेट सगळे नो-अ‍ॅड. पहिले काही आठवडे ४०-४० ला तिचा हात आखडायचा, सेकंड सर्व्ह नुसती ढकलायची. नंतर नंतर तिने ठरवलं की त्या पॉइंटला सर्व्ह बॉडीवरच टाकायची आणि पुढे जायचं, लागला तर लागला.

व्हिडिओबद्दल. पॅकेज करून देणारे लोक आहेत, म्युझिक, स्लो मोशन, सगळं. काही गरज नाही. बेसलाइनच्या मागे जाळीला उंचावर मोबाईल बांधायचा, पूर्ण कोर्ट दिसलं पाहिजे, चार-पाच मिनिटं ड्रिल आणि पॉइंट, आणि सोबत एक अख्खा सेट, काहीही न कापता. बॉल उचलायला जातानाचं चालणंसुद्धा राहू द्यायचं, कोच ते बघतात.

ज्या कोचकडे ती शेवटी गेली त्यांनी पहिल्या कॉलनंतर एक विचित्र मागणी केली, ते म्हणाले तू हरलेली एखादी पूर्ण मॅच पाठव. आमच्याकडे एक होती, उन्हाळ्यातली, भर दुपारची, तिसऱ्या सेटमध्ये हरलेली. त्यात १-४ मागे असताना ब्रेक पॉइंटवर समोरच्या मुलीने लाईनवरचा बॉल आउट दिला, चेअर अंपायर नव्हता, बॉल आत होता हे व्हिडिओतसुद्धा कळतं. लेक नेटपर्यंत आली, विचारलं, आर यू शुअर, ती हो म्हणाली, ही परत फिरली, टॉवेलने हँडल पुसलं, तारा सरळ केल्या आणि पुढचा पॉइंट खेळली. मॅच हरलीच. मला ती मॅच पाठवायची अजिबात इच्छा नव्हती. पण कोचनी पुढच्या कॉलला पहिलं तेच काढलं, म्हणाले तो कॉल गेल्यानंतरचे पुढचे तीन गेम मी दोनदा बघितले, तुझे पाय हलायचे थांबले नाहीत. मग तासभर बोलले, रात्री साडेनऊ वाजता आपल्याकडे, तिकडे दुपारचे बारा. रूममेटशी पटलं नाही तर काय करशील, टीममध्ये तुझ्या खालच्या मुलीने चॅलेंज केलं तर कसं वाटेल, घरची आठवण आली की काय करतेस. लेकीनेही विचारलं, मला कुठल्या नंबरवर बघताय, पहिल्या वर्षी न खेळता बसावं लागेल का. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पाच किंवा सहासाठी तीन मुलींत झगडा असेल. असं उत्तर देणारा कोच मला तेव्हाच आवडला.

आता कागदपत्रं, कारण इथे बरेच जण अडकतात. खेळायला एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून मान्यता लागते, एक अभ्यासाची आणि एक हौशी खेळाडू असल्याची. अभ्यासात नववीपासून चार वर्षांचे १६ कोअर विषय धरतात, इंग्लिश चार वर्षं, गणित तीन, सायन्स दोन, सोशल सायन्स दोन आणि बाकी इतर, डिव्हिजन एकला त्यांच्या हिशोबाने जीपीए (मार्कांची चारपैकी सरासरी) किमान २.३. लेकीने अकरावीला कॉमर्स घेतलं पण मॅथ्स सोडलं नाही ते याचसाठी. एसएटी ही तिकडची प्रवेश परीक्षा आता एनसीएएला लागत नाही, २०२३ पासून अट गेली, पण काही कॉलेजं अ‍ॅडमिशनला किंवा मेरिट स्कॉलरशिपला बघतात म्हणून तिने दिली.

आणि नववीची मार्कशीट! दहावी-बारावीची बोर्डाची असते, नववीचं कोण जपून ठेवतं? आमच्याकडे प्रगतिपुस्तक होतं पण शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी हवं होतं. शाळेतल्या क्लार्क बाईंनी कपाटाच्या वरच्या खणातून लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत तिचं नाव शोधलं, विषयवार मार्क दुसऱ्या कागदावर उतरवले आणि मुख्याध्यापकांची सही आणून दिली, वर विचारलं की कोर्टवर ऊन लागतं का गं तिला तिकडे. त्या बाईंचे उपकार आहेत. नावाचंही बघा, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळं, आयटाकडे वडिलांचं नाव नाही, हे सगळं आधीच एकसारखं करून ठेवलं तर पुढे पत्रापत्री वाचते.

हौशी खेळाडूच्या भागात बक्षिसाची रक्कम, एजंट, स्पॉन्सर सगळं विचारतात. टेनिसला कॉलेजआधी वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत प्राइझमनी चालायची, पण पावत्या ठेवलेल्या बऱ्या. आणि गॅप इयरबद्दल नीट ऐका, इथे बरेच जण म्हणतात बारावीनंतर एक वर्ष आयटीएफ खेळू आणि मग जाऊ. डिव्हिजन एकच्या टेनिसमध्ये बारावीच्या ठरलेल्या तारखेनंतर सहा महिन्यांच्या वर स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजची खेळायची वर्षं कापली जात होती. आम्ही त्यामुळेच बारावी झाली की त्याच ऑगस्टला जायचं ठरवलं होतं. हे नियम सध्या भराभर बदलतायत, तेव्हा निघण्याआधी एलिजिबिलिटी सेंटरच्या साईटवरच बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्याही नाही.

पैशाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑफर हातात आली. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट म्हणून त्या कॉलेजला पक्का होकार देणारा एक कागद असायचा, ते प्रकरण त्याच ऑक्टोबरमध्ये बंद झालं होतं, त्यामुळे थेट युनिव्हर्सिटीचं स्कॉलरशिप अ‍ॅग्रीमेंट. आम्ही तिघं डायनिंग टेबलवर बसून एकेक ओळ वाचली. ट्यूशन पूर्ण, राहण्या-जेवण्याचा काही भाग, पुस्तकं. हेल्थ इन्शुरन्स आपला, विमानाचं तिकीट आपलं, सुट्टीत होस्टेल बंद असतं तेव्हाचं राहणं आपलं. आणि एक गोष्ट जी आम्हाला कुठल्याच एजन्सीने सांगितली नव्हती, ती त्या सिनियर मुलीने सांगितली, की ट्यूशन आणि पुस्तकांवर टॅक्स नाही पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली स्कॉलरशिप टॅक्सेबल असते, एफ-१ व्हिसावरच्या मुलांचे त्यावर १४ टक्के कापले जातात, आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरावा लागतो. तेव्हा वर्षाला घरातून नक्की किती जाणार हा एक आकडा काढा, सगळं वजाबाकी करून, आणि दोन ऑफरची तुलना त्याच आकड्यावर करा. दुसऱ्या एका कॉलेजची टक्केवारी मोठी दिसत होती पण तिथली एकूण फीच इतकी होती की आम्हाला जास्त भरावे लागले असते.

मुलींना टेनिसमध्ये फुलच मिळते हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येतं. त्याला कारण होतं, डिव्हिजन एकमध्ये मुलींच्या टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटता येत नव्हत्या. ६ जून २०२५ ला अमेरिकेतल्या न्यायालयाने हाऊस सेटलमेंट, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड, मंजूर केलं आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी रोस्टरची मर्यादा आली, टेनिसला दहा खेळाडू, आणि कोच पैसे हवे तसे विभागू शकतात. म्हणजे मुलींनाही आता अर्धी-पाऊण ऑफर येऊ शकते. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) कोचला दुसऱ्या कॉलेजमधून तयार, वीस-एकवीस वर्षांची मुलगी मिळते, तिच्यासमोर आपली अठराची उभी राहणार. म्हणून रिकामी जागा शोधा म्हणतेय मी सारखी.

शेवटचा घाट व्हिसाचा. बारावीचा निकाल ५ मे ला लागला, मार्कशीट पाठवली, बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट, एफडी, उरलेल्या रकमेची सोय दाखवली, मे च्या शेवटी आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आलं, ३५० डॉलरची सेव्हिस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, भरली आणि तेवढ्यात २७ मे पासून नव्या स्टुडंट व्हिसा अपॉइंटमेंट थांबवल्याची बातमी. ते तीन आठवडे आठवले तरी पोटात गोळा येतो. ऑगस्टच्या मध्याला तिला तिथे हजर व्हायचं होतं, कोच रोज मेल करायचे, लेक रोज सकाळी कोर्टवर जायची जणू काही झालंच नाही, आणि मी लॅपटॉपवर पोर्टल उघडून बसायची. जूनच्या मध्यानंतर परत सुरू झालं, सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायची अट घालून, आणि जुलैमध्ये मुंबईचा स्लॉट मिळाला. बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटच्या बाहेर आम्ही फुटपाथवर उभे, पाऊस, ती फाईल पोटाशी धरून आत. दोन-तीनच प्रश्न झाले, कुठला खेळ, किती स्कॉलरशिप, उरलेलं कोण भरणार. बाहेर आली ती हात वर करूनच, पासपोर्ट आत ठेवून घेतला म्हणजे झालं.

आता तिचं पहिलं सेमिस्टर चालू आहे. सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास प्रॅक्टिस आणि एक दिवस सक्तीची सुट्टी, हा नियम तिला फारच आवडलाय. निदान बारा क्रेडिट घ्यावेच लागतात, ऑनलाइन क्लासवर दिवस काढता येत नाहीत. अकाउंटिंग सोपं जातंय म्हणते, इंग्लिश रायटिंगला दमवतात. फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरमध्ये, वैयक्तिक टुर्नामेंट असतात, त्यात डबल्समध्ये एका सर्बियन मुलीबरोबर जोडी छान जमलीये, सिंगल्समध्ये अजून सहा आणि सातच्या मध्ये आहे. ड्युअल मॅचेस, म्हणजे दोन कॉलेजांच्या टीममधल्या मॅचेस, जानेवारीत सुरू होतील, त्याच्या आधी टीममध्ये चॅलेंज मॅचेस आहेत आणि त्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीशी हिला सहाव्या जागेसाठी खेळायचंय. त्या मुलीचा बॅकहँड स्लाइस फार खाली राहतो म्हणे, परवापासून सरांशी व्हिडिओ कॉलवर त्याचंच चाललंय.